हे अंशतः खरे आहे

'हे अंशतः खरे आहे.' आमदारांच्या प्रश्नांना सरकारकडून येणाऱ्या उत्तरांतली ही चार शब्दांची ओळ मी नोकरीत किती वेळा जुळवली, त्याचा हिशेब नाही. पण बोटांना ती अजून पाठ आहे. डोळे मिटले तरी हात खिळ्यांच्या केसमधल्या, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या पेटीतल्या, त्या त्या खणाकडे जातो. 'ह' इथे, मात्रा तिथे, आणि 'अंशतः'चा विसर्ग अगदी उजवीकडच्या कोपऱ्यात, क्वचित लागणाऱ्या खिळ्यांच्या वस्तीत. नवखी पोरं विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन ठिपके लावून मोकळी व्हायची. आमचे फोरमन, ज्यांना आम्ही मास्तर म्हणत असू, प्रूफवर बोट ठेवून म्हणायचे, "हा विसर्ग नाही बाबू. विसर्ग अक्षराला चिकटून असतो. काढ अन् पुन्हा लाव."

मी नागपूरच्या सरकारी छापखान्यात कंपोझिटर होतो. कागदोपत्री पदाचं नाव जुळारी. १९७८ साली लागलो, २०१४ साली अठ्ठावन्न पूर्ण करून बाहेर पडलो. जन्म १९५६चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि १ नोव्हेंबरला नागपूरचं राजधानीपण गेलं. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. घरात या दोन्ही गोष्टींची चर्चा माझ्या पाळण्यावरून झाली असणार. बाबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. माय भंडाऱ्याकडची. पाचपावलीतल्या दोन खोल्यांत आम्ही सात जण राहायचो आणि सकाळ मिलच्या भोंग्याने व्हायची.

आजच्या मुलांना खिळे म्हटलं की भिंतीतले खिळे आठवतात, म्हणून थोडं सांगतो. शिशाच्या मिश्रधातूचा एक लहानसा दांडा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लहान पट्टी, उजव्या हाताने खणातून एकेक खिळा उचलायचा आणि ओळीत उभा करायचा. अक्षर उलटं, आणि ओळही डोक्यावर उभी राहिल्यासारखी वाचायची, मात्र डावीकडून उजवीकडेच. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सरळ बसला, हे न पाहता कळतं. मी वर्षभरात अक्षरं बघणं सोडलं आणि खाचेवर विसंबू लागलो. देवनागरीची केस इंग्रजीच्या तिप्पट-चौपट पसरलेली. जोडाक्षरं, रफार, रुकार, अर्धे वर्ण, सगळ्यांना वेगळा खण. छापून झालं की तेच खिळे धुऊन, एकेक ओळखून, परत आपापल्या खणात टाकायचे. हे काम जुळवण्याइतकंच जोखमीचं. एक 'घ' चुकून 'ध'च्या खणात पडला की पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी धरणाचं घरण होतं.

काही मजकूर मात्र आम्ही सोडतच नसू. सुतळीने बांधून गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, तसाच ठेवायचो, कारण तो पुन्हा लागणार हे ठाऊक असायचं. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत', आणि उत्तराच्या बाजूला 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की मास्तर कपाटातून या गॅल्या काढून धूळ झटकून मांडायचे.

नागपूरला हिवाळा थंडीने येतो तसा अधिवेशनानेही येतो. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात लिहिलं आहे की सरकार वर्षातून ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथे होईल. त्या एका कलमावर आमचा डिसेंबर उभा आहे. सिव्हिल लाइन्समधल्या रस्त्यांना डांबर लागतं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो, आमदार निवासात रंगाचा वास येतो, एकशे साठ गाळ्यांत मुंबईहून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या सतरंज्या पडतात. ही मुंबईची माणसं पहिल्या रात्रीच कुडकुडत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्वेटर शोधायची आणि जाताना संत्र्यांच्या पेट्या घेऊन जायची. आमच्या छापखान्यात त्या दिवसांत तिन्ही पाळ्या चालायच्या. दुपारी मजकूर यायचा, रात्री जुळणी, मध्यरात्री प्रूफ, दोनला दुरुस्ती, चारला छपाई, आणि उजाडता उजाडता प्रश्नोत्तरांच्या याद्यांचे गठ्ठे विधान भवनाकडे रवाना. पहाटे शिसं इतकं गार व्हायचं की खिळा उचलला की बोटाच्या पेराला चटका बसल्यासारखं वाटायचं. आम्ही मधूनमधून चहाच्या ग्लासावर बोटं शेकून घ्यायचो.

त्या याद्या म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची दुखणी. कुठे आश्रमशाळेत मुलांना पांघरूण नाही, कुठे कापसाचे चुकारे थकलेत, कुठे पुलाचं बांधकाम पाच वर्षं अर्धवट. गोसीखुर्द तर दरवर्षीचं. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या त्या धरणाचं भूमिपूजन झालं, त्या वेळी खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे मी नोकरीत असेपर्यंत एकही हिवाळा असा गेला नाही की ज्यात गोसीखुर्द जुळवलं नाही किंवा वाचलं नाही. कधी पुनर्वसन, कधी कालवे, कधी वाढलेला खर्च. मी ते धरण प्रत्यक्ष बघितलं निवृत्तीनंतर. तोवर माझ्यासाठी ते चार अक्षरं आणि एक रफार एवढंच होतं. हे मी खेदाने लिहितो आहे.

आणि मग १९८९च्या डिसेंबरातली ती रात्र. मला वाटून दिलेल्या कागदांत एक प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजारी तलावाचा होता. तलावाची पाळ खचली आहे, तुडूम निकामी झाला आहे, त्यामुळे धानाला पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय? गाव माझ्या मामाचं.

मामा तलाव म्हणजे काय, ते पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. मालगुजारीच्या काळात, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत वसूल व्हायचा तेव्हा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गावागावांनी तलाव बांधले. त्यांतले कितीतरी त्याही आधीचे, गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाने बांधलेले. उतारावर मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून ते खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, द्यायचं आणि जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहू द्यायचं. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ कोणी राखायची हा प्रश्न तिथून सुरू झाला. 'माजी मालगुजारी'ची आद्याक्षरं जोडून लोक त्यांना सरळ 'मामा तलाव' म्हणतात. माझ्यासाठी तर तो खरोखरच मामाचा तलाव होता. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यात डुंबलो आहे. पाळीवरच्या मोहाखाली मायने मला मोहफुलं वेचायला शिकवलं आहे. तुडुमाच्या लाकडी खुंट्या मी मोजलेल्या होत्या. आणि त्याच पावसाळ्यात मामाच्या तीन बांध्या वाळल्याचं कार्ड घरी येऊन पडलेलं होतं.

प्रश्नाखाली उत्तर होतं: हे अंशतः खरे आहे. पुढे अंदाजपत्रक तयार करण्याचं काम चालू असल्याचं लिहिलं होतं. आणि शेवटच्या भागाला, विलंबाच्या कारणांना: प्रश्न उद्भवत नाही.

मी स्टिक खाली ठेवली. बांधून ठेवलेली ओळ गॅलीत समोरच होती, उचलून लावायची होती फक्त. अंशतः म्हणजे किती? पाळ अर्धी खचली की अर्धं पाणी मिळतं, असं काही असतं का? तीन बांध्यांपैकी दीड वाळली असती तर चाललं असतं का? मास्तर जवळ आले. त्यांनी कागद वाचला, मला विचारलं, "काऊन, थांबला?" मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपलं काम मूळ प्रतीप्रमाणे. तू एक शब्द बदलला तर उद्या कोणीही बदलंल. मग खरं काय छापलं होतं, ते कोणालाच समजणार नाही."

ते बरोबर होते. तेव्हा मला राग आला होता, पण आज मी त्या वाक्याच्या बाजूने उभा आहे. मी ओळ उचलली आणि लावली. फक्त एक गोष्ट केली. मूळ कागदात गावाचं नाव चुकलं होतं, एका अनुस्वाराने. तो अनुस्वार गेला की शेजारच्या तालुक्यातलं दुसरंच गाव होतं. मी समासात प्रश्नचिन्ह घालून चूक मास्तरांना दाखवली, त्यांनी रात्रीच फोन करून खात्री करून घेतली, आणि पहाटे माझ्या मामाच्या गावाचं नाव बिनचूक छापलं गेलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

पुढल्या वर्षी तो प्रश्न पुन्हा आला नाही. त्या आमदारांचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. तलाव मात्र तसाच राहिला. मामा गेला तेव्हा त्याच्या पोरांनी धान सोडून नागपूरला हिंगण्याच्या कारखान्यात कंत्राटी काम धरलं होतं.

२३ नोव्हेंबर १९९४बद्दल लिहिताना आजही हात जड होतो. गोवारी समाजाचा मोर्चा होता, अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून गुरं राखणारी माणसं बायकापोरांसह आली होती, भाकरीची गाठोडी घेऊन. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. मग लाठीमार, पळापळ, चेंगराचेंगरी. ११४ माणसं मेली, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. मी त्या रात्री पाळीवर होतो. बाहेर काहीतरी भयंकर झालंय एवढं कळत होतं, आकडा कळत नव्हता. पहाटे सायकलवर घरी जाताना मी रस्ता बदलू शकलो असतो, पण बदलला नाही. चपला पडलेल्या होत्या. शेकड्याने. लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या चपलाही. एक म्हातारा त्या ढिगातून जोडी लावत होता. कुणाची होती, कुणासाठी लावत होता, मी विचारलं नाही. घरी येऊन मी आंघोळ केली आणि जेवलो नाही.

त्यानंतरच्या दिवसांत 'गोवारी' हा शब्द मी खूप वेळा जुळवला. ग, काना-मात्रा, व, काना, र, दीर्घ वेलांटी. ज्यांची आमच्या याद्यांत क्वचितच नोंद होत असे, त्यांचं नाव आता पानापानावर होतं, आणि त्यासाठी ११४ जीव गेले होते. त्यांच्या स्मारकावर दरवर्षी लोक येतात, सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचं नाव दिलं आहे. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना अनुसूचित जमातीचे मानलं, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कायद्याची बाजू मी समजू शकतो. पण त्या पुलाखालून जाताना माझी मान आपोआप खाली जाते, आणि जाऊ द्यावी असंच मला वाटतं.

शिसं पुढे गेलं. आधी ऑफसेट आलं, मग संगणक. केसी भंगारात निघाल्या तेव्हा मी एक खिळा मागून घेतला, विसर्गाचा. तो माझ्या देव्हाऱ्यात आहे. मला मूळप्रत वाचकाच्या जागेवर घेतलं, मग मुद्रितशोधनात. काही वर्षांनी प्रश्नोत्तरांच्या याद्यांच्या शेवटी एक ओळ येऊ लागली: मुद्रणपूर्व सर्व प्रक्रिया महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाच्या संगणक यंत्रणेवर. तिचा अर्थ इतकाच की अक्षरं आता तिकडेच जुळतात, आमच्याकडे फक्त छपाई उरली. माझ्या पिढीच्या हातातलं काम त्या एका ओळीत संपलं. संगणकाला माझा विरोध कधीच नव्हता. शिशाच्या धुराने आमच्यातल्या दोघांची फुप्फुसं गेली, ते मी विसरलेलो नाही. पण काम गेल्याचं दुःखही होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मूळप्रत वाचन हे मला फार मोलाचं काम वाटतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर नजर ठेवायची. शब्दच नव्हे, चिन्हंही उच्चारायची. 'असल्यास स्वल्पविराम चौकशीत काय आढळून आले प्रश्नचिन्ह नवा परिच्छेद.' असं वाचताना मन दुसरीकडे नेता येत नाही. समोरच्याचं म्हणणं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या चिन्हापर्यंत ऐकावंच लागतं. माझ्या जोडीला असलेले सहकारी दरवर्षी दसऱ्याला गणवेश घालून संचलनाला जायचे. आमच्या टेबलाच्या पलीकडे बांधणी विभागातले एक जण त्याच दिवसांत दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पाणी वाटायला रजा घ्यायचे. १९२५च्या विजयादशमीला संघ इथे सुरू झाला आणि १९५६च्या अशोक विजयादशमीला धम्मदीक्षाही इथेच झाली. या शहरात दोन्ही एकाच दिवशी आठवले जातात. त्या दोघांमध्ये वाद होत, कडाक्याचे होत, पण एकाचं वाक्य संपल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नसे. दुपारी डबे एकत्रच उघडायचे. एकाच्या घरची पाटवडी दुसऱ्याच्या पोळीवर असायची.

आता आमचा सकाळचा कट्टा अंबाझरीजवळ आहे. फिरणं झालं की एका ठेल्यावर तर्री-पोहे, वर चिवडा आणि कांदा. आम्ही आठ जण होतो. मिलमधले दोघे होते, २००२ साली एम्प्रेस बंद झाली तेव्हा ज्यांची देणी वर्षानुवर्षं अडकली. एक शिक्षक, एक वीज मंडळातले, एक बँकेतले. २०२४च्या निवडणुकांमध्ये आमच्या मोबाइलवरच्या गटात जे चाललं ते मी मूळप्रत वाचकाच्या नजरेने वाचत होतो. कुणाचाही कागद नाही, तारीख नाही, सही नाही, पण छातीठोक मजकूर. मी एकदा एवढंच लिहिलं, 'हे खरे आहे काय? मूळ कुठे आहे?' त्यावर शिक्षकांना राग आला. मी त्यांच्या पक्षावर संशय घेतला असं त्यांना वाटलं. ते गटातून गेले आणि कट्ट्यावरूनही. चाळीस वर्षांची ओळख.

महिनाभर मी गेलो नाही. मग आमच्या सौ. म्हणाल्या, "त्यांच्या घरी पोळ्याला दरवर्षी जातो आपण. यंदा काऊन नाही?" तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, जेव्हा मारबती निघतात आणि अख्खं शहर 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतं, आम्ही दोघं त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. नातवाचा लाकडी बैल घेऊन ते बाहेरच बसले होते. "या जी," म्हणाले, आणि आत जाऊन करंज्या घेऊन आले. निवडणुकीचा विषय कुणीच काढला नाही. पण मला तो काढायचा होता, आणि मी काढला. म्हटलं, "मी तुमच्या पक्षाला नाही विचारलं, त्या मजकुराला विचारलं." ते म्हणाले, "मग दुसऱ्याच्या मजकुराला काऊन नाही विचारत?" मला त्यांचं म्हणणं पटलं. माझ्या मताशी जुळणारे निरोप मी तपासलेच नव्हते. घरी येऊन जुने निरोप उघडून बघितले. तीन असे निघाले की मी वाचले, मान डोलावली आणि पुढे पाठवले होते. मी त्या तिन्हींच्या खाली लिहिलं की याचं मूळ मला सापडलं नाही, मी हे पाठवायला नको होतं. शिक्षक अजून गटात आले नाहीत. कट्ट्यावर मात्र येतात.

स्वतंत्र विदर्भाबद्दल मला लोक विचारतात. तरुणपणी मी त्या घोषणा दिल्या आहेत. वेगळं राज्य झालं असतं तर मामाच्या तलावाची पाळ कुणी बांधली असती का, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण जे कागदावर लिहून दिलं ते पाळलं जावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ साली, हिवाळी अधिवेशन नागपूरला झालंच नाही. ती अडचण होती, मान्य. पण २०२४चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत आटोपलं. सहा दिवसांसाठी रस्ते रंगले. गडचिरोलीहून मोर्चा घेऊन येणाऱ्याला यायला-जायलाच दोन दिवस लागतात. त्याच्या प्रश्नाला उरलेले दिवस पुरतात का?

नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही. वर्षानुवर्षं शिसं, शाई आणि रॉकेल यांनी तो झिजला. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. "काकाजी, पुन्हा पुसून ठेवा ना," असं पाच वेळा म्हणाला, मग म्हणाला, "डोळ्याचं यंत्र बंद आहे जी आज." मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा नातीने घरीच मोबाइल समोर धरला. "आबाजी, सरळ बघा. आता डोळे मिटून उघडा." झालं, दाखला गेला. मी तिच्याकडे बघत राहिलो. माझी पेन्शन जुनी आहे, निवृत्तीच्या आदेशावर छापलेली, मरेपर्यंतची. तिचे बाबा, माझा मुलगा, २००८ साली सरकारी नोकरीत लागला. १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांना ती नाही. मार्च २०२३मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी सात दिवस संपावर होते, तेव्हा तो घरी बसून होता आणि मी पोहे आणून देत होतो. राज्याच्या तिजोरीचा हिशेब करणाऱ्यांचं म्हणणं मी वाचलं आहे, त्यात तथ्यही आहे. पण एकाच घरात, एकाच सरकारची चाकरी करणाऱ्या बापलेकांच्या म्हातारपणाची अशी दोन मापं असावीत, हे मला मान्य नाही. आमच्या स्वयंपाकघरात महिन्याच्या एक तारखेला मी पीठ-तेलाचे पैसे देतो, आणि त्याला ते घेताना संकोच होतो, हे मला दिसतं.

तलावाकडे मी परत वळलो ते तीन वर्षांपूर्वी. मामेभावाचा मुलगा शहर सोडून गावी गेला, म्हणाला, "काकाजी, धान लावतो म्हणतो. पाणी पाहिजे." मी माहितीच्या अधिकाराचा कायदा वाचायला घेतला. २००५चा कायदा, पण मला तो छापखान्यात राहूनही नीट ठाऊक नव्हता. पहिला अर्ज मी माझ्या सवयीने लिहिला: पाळ खचली आहे, हे खरे आहे काय? तो परत आला. कार्यालय मत देत नाही, असलेल्या कागदाची प्रत देतं. ते शिकायला मला एक महिना लागला. दुसऱ्या वेळी मी विचारलं: या तलावाच्या दुरुस्तीची मंजूर अंदाजपत्रकं, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. तीस दिवसांची मुदत असते. मुदत उलटून गेली, पहिलं अपील केलं, तेव्हा कागद आले.

त्या कागदांत पाळीच्या दुरुस्तीचं एक काम झालेलं दाखवलं होतं. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली, मातीचे घनमीटर, सगळं नीट लिहिलेलं. मी पुतण्याला फोन केला आणि वाचून दाखवलं. तो पाळीवर गेला, टेप लावली. काम झालं होतं, पण कागदावरच्या लांबीपेक्षा कमी. तुडुमाला तर हातच लागला नव्हता. म्हणजे पुन्हा तेच. पण या वेळी अंशतः म्हणजे किती, ते मीटरमध्ये माझ्यासमोर होतं.

आता तुडुमाबद्दल अर्ज तयार करतो आहे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. मला ती मर्यादा आवडते, जुन्या मापाच्या ओळीसारखी. काल रात्री नातीला बसवलं. कच्चा कागद तिच्या हातात दिला, पक्का मी समोर ठेवला. तिला सांगितलं, चिन्हंही मोठ्याने वाचायची. ती वाचू लागली. "सदर तलावाच्या तुडुमाच्या दुरुस्तीबाबत स्वल्पविराम…"

"थांब," मी म्हटलं. "गावाच्या नावावर अनुस्वार आहे का?"

तिने कागद दिव्याजवळ नेला. "आहे जी."

"किती शब्द झाले?"

तिने बोटाने मोजले. एकशे एकेचाळीस. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.